मागचा उजवा कोपरा

उमरी,
६ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

नमस्कार. पत्राची सुरुवात कशी करतात हेच मला आठवेना. ऋतुजाला विचारलं तर ती नुसती हसत बसली. म्हणाली, लग्नाआधी मला एक तरी लिहिलं असतं तर सवय राहिली असती. मी शेवटचं पत्र नववीच्या पेपरात लिहिलं होतं, तेही खोट्या मामाला, पाच मार्कांसाठी. खऱ्या मामाला लिहायची पाळी तुमच्या कानांमुळं आली. तुम्ही मोबाईल घेत नाही आणि शेजारच्या माणिकप्पांच्या फोनवर निरोप द्यावा तर ते निम्मा आपल्या मनानं सांगतात.

बातमी अशी की मी पिकअप घेतली. जुनी आहे, पण इंजिन खणखणीत आहे. पांढरी. आईनं नारळ फोडला. आता मागच्या उघड्या हौद्यावर काय टाकावं ते ठरत नाही. नांदेडला दुकानदारानं तीन प्रकार दाखवले. एक साधी ताडपत्री, वरून टाकायची आणि दोरीनं आवळायची. दुसरा कमानींवरचा हुड. तिसरं फायबरचं झाकण, डब्यासारखं, त्याला कुलूपसुद्धा लागतं. माझं मन हुडवर आहे. पण घरात मामा चाळीस वर्षं हुड शिवत असताना मी नांदेडहून तयार आणला तर आई मला जेवू घालणार नाही.

हौद्याचं माप : लांबी साडेआठ फूट, रुंदी साडेपाच. हुडची उंची तळापासून पाच फूट ठेवा. काम कापूस वाहण्याचं आहे.

आई भाऊबीजेला आली नाही म्हणून रागावू नका. वेचणी जोरात चालू आहे. तिची बारा बायकांची टोळी हदगावच्या बाजूला जाते, रोज सकाळी सहाला निघते. तिकडचाच कापूस आणायचं भाडं मला लागलं आहे.

तुमचा,
सत्यम


शिरूर अनंतपाळ,
११ नोव्हेंबर २०२४

चि. सत्यम,

तुझं पत्र पोचलं. अक्षर तुझ्या बापावर गेलंय, कोंबडीनं उकरल्यासारखं, पण समजलं. गाडी घेतलीस, आनंद झाला. साखरा आली नाही त्याचा राग नाही. ओवाळायला कुणी नसलं की दिवस मोठा वाटतो, एवढंच.

आता कामाचं. फायबरचं झाकण तुझ्या कामाचं नाही. त्यात माल जेमतेम दोन फूट बसतो आणि कापूस म्हणजे तर डोंगर. कापसाला खरं म्हणजे कमानसुद्धा लागत नाही. कापूस तुडवून भरतात, काठाच्या वर चढवतात, वरून ताडपत्री आणि आडवीउभी दोरी. सगळा मराठवाडा असाच कापूस नेतो. कमानींवर हुड चढवला की कापूस उलट कमी बसेल. म्हणून तुझ्या पाच फुटांचा मला उलगडा होत नाही.

पाच फूट कशाला लागतात ते मी तुला सांगतो. तुझी आई उभी राहिली की चार फूट दहा इंच भरते. लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिला शिलाईच्या फूटपट्टीनं मोजलं होतं, थट्टेनं.

माझी एक पद्धत तुला ठाऊक नसेल. गिऱ्हाईक आलं की कापड दाखवायच्या आधी मी चिठ्ठीवर वरच्या बाजूला एक शब्द लिहून घेतो, माल किंवा माणसं. माल असेल तर हुड सगळीकडून बंद, मागचा पडदा बाहेरून दोरीनं आवळायचा. माणसं असतील तर दोन्ही अंगांना जाळीच्या खिडक्या आणि पडद्याची गाठ आतून सुटणारी. दर तोच घेतो. फक्त खरं सांगायचं.

चिठ्ठी कोरी ठेवली आहे. काय लिहू ते कळव. आणि उमरीहून हदगावकडं सकाळी सहाला कोणती एसटी जाते तेही कळव. इथल्या स्टँडवर विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही.

तुझा मामा,
व्यंकटी


उमरी,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

तुम्ही हुड शिवता का पोलिसात आहात? चिठ्ठीवर माल लिहा. बायका कधी एसटीनं जातात, कधी ऑटोनं, त्यांचं त्या बघतात.

उघड्या ताडपत्रीचं म्हणाल तर वाऱ्यानं कापूस उडतो आणि जिनिंगवाला दवानं ओला झाला म्हणून भाव पाडतो. म्हणून मला हुड सगळीकडून बंद पाहिजे. मागचा पडदा बाहेरूनच आवळता आला पाहिजे आणि आत काय आहे ते नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसता कामा नये. जाळ्याबिळ्या नकोत. रंग गडद हिरवा किंवा काळा चालेल.

कमानी गुंडप्पा वेल्डरकडून करून घेतल्या आहेत. त्याच्याकडूनच दोन्ही बाजूंना लांब फळ्यापण बसवल्या. पोती खालून भिजू नयेत म्हणून. मागं एक लोखंडी पायरी केली आहे. त्या हिशेबानं पडदा थोडा आखूड ठेवा. आई म्हणते की आत फार अंधार होईल. पण कापसाला उजेड कशाला पाहिजे?

लवकर करा मामा. थंडी वाढली आहे. रोजच्या कामाचा प्रश्न आहे. तुमच्याकडून जमत नसेल तर तसं सांगा. नांदेडचा दुकानदार चार दिवसांत देतो म्हणतो आणि काही विचारत नाही.

सत्यम


शिरूर अनंतपाळ,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. सत्यम,

पोत्यांना बसायला बाक आणि चढायला पायरी. तुझ्या गावची पोती मोठी लाडाची दिसतात. आणि थंडी कापसाला वाजते हेही मला नवीन आहे.

थट्टा पुरे. मी तुला एक गोष्ट सांगतो. ती तुझ्या आईला ठाऊक आहे, तुला तिनं कधी सांगितली नसेल.

वीस वर्षं झाली. बसलिंगप्पा म्हणून माझा दोस्त होता, निलंग्याकडचा. त्यानं टेम्पोला हुड शिवून घेतला. डाळ वाहायची म्हणाला. मी डाळीचा हुड शिवला, पाण्याचा थेंब जाणार नाही असा, पडदा बाहेरून. तीन महिने त्यानं डाळच वाहिली. मग पुतणीचं लग्न निघालं आणि वऱ्हाड न्यायला गाडी कमी पडली. थंडीचे दिवस होते, लेकरं होती, म्हणून पडदा बाहेरून घट्ट आवळला. माया म्हणूनच आवळला. वळणावर टेम्पो कलंडला. मी मागच्या जीपमध्ये होतो, उतरून पळत गेलो. आतून ताडपत्रीवर हात आपटत होते. सगळीकडून. कुठला हात कुणाचा ते कळत नव्हतं. दोरी पिळली गेलेली, गाठ सुटेना, आणि कापड तर मी निवडलेलं, सगळ्यात जाड. दाभण नाही, चाकू नाही. शेवटी दगडावर घासून दोरी तोडली. दोघं गेले. एक म्हातारी आणि एक चार वर्षांचं पोर.

लोक म्हणतात तेव्हापासून व्यंकटीचे कान गेले. ते खरं नाही, कान मशीननं गेले. पण तो आवाज मात्र अजून नीट ऐकू येतो.

माल आणि माणसं हा शब्द मी तेव्हापासून लिहून घेतो. तू माणसं नेत असशील तर सांग. मी तुला कुणाकडं धरून देणार नाही. जाळी अशी बसवीन की बाहेरून पट्टीसारखी दिसेल. पण मला खोटं सांगून माझ्याकडून डाळीचा हुड शिवून घेऊ नको.

मामा


उमरी,
२६ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

तुमचं पत्र ऋतुजानं वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. असलं काही लिहीत जाऊ नका. ती पोटुशी आहे, पाचवा महिना चालू आहे.

मामा, बसलिंगप्पांचं झालं ते वाईट झालं. पण ते दिवस वेगळे होते. मी दारू पीत नाही, गाडी पन्नासच्या वर नेत नाही. खिडक्या, जाळ्या, आतली गाठ हे सगळं नाक्यावरच्या माणसाला लांबून कळतं. मग गाडी बाजूला घ्या, पडदा वर करा, लायसन दाखवा. एक दिवस गाडी अडकली की मजुरांचा रोज बुडतो आणि मुकादमाला तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणजे कापसाच्या मुकादमाला.

तुम्हाला खरंच पाहिजे असेल तर लिहून देतो. आईची शपथ, माल आहे. आता तरी शिवा.

सत्यम


शिरूर अनंतपाळ,
६ डिसेंबर २०२४

सत्यम,

आईची शपथ घेतलीस. त्यापुढं विचारायला जागा उरली नाही. चिठ्ठीवर माल लिहिलं.

हुड तयार आहे. उद्या लातूरहून नांदेडच्या गाडीत पार्सल टाकतो, तिथून तू उचल. कापड गडद हिरवं, जाड कॅनव्हास, आतून रबराचा थर. कमानींना बांधायच्या पट्ट्या दुहेरी आहेत. पडदा तुझ्या म्हणण्याप्रमाणं बाहेरून आवळायचा, आठ रिंगा दिल्या आहेत. एवढ्या आवळायची गरज नसते. चार पुरतात.

एक लक्षात ठेव. मागच्या उजव्या कोपऱ्याला, जिथं बाजूचं कापड आणि मागचं कापड उभं जोडलंय, तिथं फार ताण देऊ नको. त्या कोपऱ्याला हात लावू नको, तिथं कुणाकडून काही करून घेऊ नको. काही वाटलं तर मला कळव. दुरुस्ती मीच करीन.

पहिल्यांदा हुड चढवशील तेव्हा साखराला जवळ उभी कर. लग्नाच्या आधी ती माझ्याबरोबर दाभण चालवायची. माझं काम तिला हातानं वाचता येतं.

पैसे पाठवू नको. घरचं काम आहे.

मामा


उमरी,
१४ डिसेंबर २०२४

ती. मामा,

हुड एकदम फर्स्ट क्लास! गुंडप्पानं पाहिला आणि म्हणाला, "हे शिवणारा माणूस उमरीत आणून ठिव, मी त्याला जागा देतो." बसवला तर जणू गाडीबरोबरच आला असं वाटतं. नांदेडच्या नाक्यावरून तीनदा गेलो, कुणी हातसुद्धा केला नाही. तुम्ही चार पुरतात म्हणालात, पण मी आठही रिंगा आवळतो. पडदा फडफडला की लक्ष जातं.

आईला जवळ उभी केली होती. तिनं आत चढून सगळीकडून हात फिरवला. उजव्या कोपऱ्यात आली आणि थांबली. बोटांनी चाचपत राहिली, मग हसली. म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "काही न्हाई. आण्णा हाय तसाच हाय." काय ते विचारलं तर सांगेना. तुम्हा दोघांचं काहीतरी जुनं असेल.

बाकी बायका, म्हणजे गाडी बघायला आलेल्या शेजारच्या बायका, खूश आहेत. म्हणतात आता वारं लागत नाही. लागणार नाही, असं म्हणतात.

ऋतुजाची तब्येत बरी आहे. आई म्हणते मुलगी होईल.

सत्यम


शिरूर अनंतपाळ,
१९ डिसेंबर २०२४

चि. सत्यम,

पत्र वाचून बरं वाटलं. साखरा हसली हे वाचून जास्त बरं वाटलं. तिला सांग, आण्णानं विचारलंय की हात अजून तसाच चालतो ना. ती समजेल.

आठ रिंगा आवळू नको. हे मी दुसऱ्यांदा लिहितोय.

इथं सगळं ठीक. गुडघा दुखतो, बाकी मशीन चालू आहे. झोप मात्र नीट लागत नाही. तुझ्या गाडीचा विचार येतो आणि उठून बसतो. म्हाताऱ्याचं मन, दुसरं काय.

मामा


उमरी,
३० डिसेंबर २०२४

ती. मामा,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. तुमची एक चूक सापडली आहे. रागावू नका, हसा.

परवाच्या अवकाळी पावसाला हुडनं बाकी कुठूनच दाद दिली नाही, पण मागच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी झिरपलं. फळीवरची सगळी ओली झाली. मी टॉर्च लावून पाहिलं तर काय, बाकी सगळीकडं नायलॉनची दुहेरी शिवण आणि तिथं एका उभ्या रेषेत साधा सुती दोरा, तोही एकेरी, टाके लांब लांब. अंगठ्यानं दाबलं तर उसवायला लागलं. म्हटलं, मामांचा हात आता थकला. नायलॉन संपला असेल आणि तसंच पुढं रेटलं असेल. म्हणूनच तुम्ही तिथं हात लावू नको म्हणत होता ना? लाज कसली मामा, वयच आहे.

इथं स्टँडजवळ चपला शिवणारा एक जण आहे, त्याच्याकडून तिथं नायलॉनची तिहेरी शिवण मारून घेतली. आतून रेक्झिनची पट्टी चिकटवली, बाहेरून दुसरी. आता तो कोपरा सगळ्या हुडमध्ये पक्का आहे. हत्ती बांधला तरी निघणार नाही.

आईला सांगितलं नाही. भावाच्या कामावर दुसऱ्यानं सुई लावली म्हटलं तर दिवसभर तोंड वाजवील. ती तेव्हा शेतात होती. पट्टी त्याच रंगाची आहे, अंधारात दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात कालव्याच्या पलीकडच्या गावाचं काम लागलं आहे. रस्ता जरा बारीक आहे, पण जवळचा.

सत्यम


शिरूर अनंतपाळ,
४ जानेवारी २०२५

सत्यम,

तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं. वाचलं आणि तसाच अनवाणी माणिकप्पाकडं गेलो. त्याला म्हटलं, आत्ता फोन लाव आणि सांग, तो कोपरा आजच्या आज उसव. त्यानं लावला. बोलून झाल्यावर मला कागदावर लिहून दाखवलं, "करतो म्हणाला. मामाला म्हणावं चिडू नका, तुमच्या कामाला नाव ठेवलं नाही." म्हणजे त्यानं तुला काय सांगितलं आणि तू काय समजलास ते माझ्या ध्यानात आलं. माझा मान दुखावला म्हणून मी ओरडतोय असं तुला वाटलं. माणिकप्पापुढं मला खरं बोलता येईना. तू माणसं भरून नेतोस हे त्याला कळलं तर संध्याकाळपर्यंत शिरूरभर होईल आणि उद्या तुझ्या दारात कुणीतरी येऊन उभं राहील. म्हणून गप्प बसलो आणि आता पोस्टानं लिहितोय.

नीट वाच. मी तुझ्या शपथेवर एक दिवसही विश्वास ठेवला नव्हता. पोत्यांना बाक लागत नाही. पण मी नाही म्हटलं असतं तर तू नांदेडहून तयार बंद हुड आणला असतास आणि त्यात माझी बहीण बसली असती. म्हणून मी हुड शिवला आणि त्यात एक वाट ठेवली. तो सुती दोरा मुद्दाम घातला. आतून खांद्यानं जोर लावला की वरपासून खालपर्यंत उसवेल आणि माणूस बाहेर पडेल, असा. बसलिंगप्पानंतर ज्याच्यावर भरवसा नाही अशा प्रत्येक गिऱ्हाइकाला मी उजव्या कोपऱ्यात अशीच शिवण देतो. चार पावसाचे थेंब येतात. येऊ देत. साखराला ते हाताला लागलं म्हणून ती हसली. तुला सांगितलं असतं तर तू पहिल्याच दिवशी ती वाट बुजवली असतीस, म्हणून सांगितलं नाही. न सांगूनही तू बुजवलीसच.

तिला अजून वाटतंय की वाट आहे. हे सगळ्यात वाईट.

पत्र मिळाल्याबरोबर, हातातला चहासुद्धा न पिता, विळ्यानं ती पट्टी काढ आणि सगळे टाके काप. भोक राहू दे. त्याच्याआधी कुणालाही मागं बसवू नको. करतो म्हणालास, ते केलं असशील अशी आशा आहे. नसशील केलं तर तुझ्या पाया पडतो. मामा असून पडतो.

व्यंकटी


शिरूर अनंतपाळ,
२२ जानेवारी २०२५

सत्यम,

तेराव्याहून आलो. तेरा दिवस मी तुझ्या घरी होतो आणि आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. तू मान वर केली नाहीस आणि मीही तुला करायला लावली नाही. माझं पत्र भिंतीतल्या देवळीत न फोडता पडलेलं मी पाहिलं. पाकिटावर आठ तारखेचा शिक्का होता. आदल्या दिवशी आपण साखराला माती दिली होती. पत्र मी तिथंच ठेवलं. ते तू वाचायचं आहेस.

मला तुझा राग आहे. तो आता माझ्याबरोबरच जाईल. माझाही मला तेवढाच आहे. एक वाक्य सरळ लिहिलं असतं तर पुरलं असतं. बहीण वाचवायची होती आणि मी भाच्याशी लपंडाव खेळत बसलो. पण त्यासाठी हे पत्र नाही.

बायका घरी येत होत्या, रडत होत्या, मला हातवारे करून काही सांगत होत्या. मला ऐकू आलं नाही. ऋतुजानं पाटीवर लिहिलं, "त्या म्हणतात आत्याबाई शेवटपर्यंत बोलत होत्या." काय बोलत होती ते लिहिताना तिचा हात थांबला, आणि मी त्या पोटुशा पोरीला आणखी विचारलं नाही.

तू विचार. टोळीतल्या बायकांना विचार आणि मला लिही. माणिकप्पाच्या फोनवर नको, ऋतुजाच्या हातानं नको. तू लिही. काही वगळू नको.

मामा


उमरी,
२ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं चार तारखेचं पत्र मी तुमचं दुसरं पत्र आल्यावर फोडलं.

मी अकराही जणींच्या घरी गेलो. तिघींनी दार उघडलं नाही. बाकीच्यांनी सांगितलं ते असं.

त्या दिवशी सकाळी निघताना एकीनं पडदा थोडा सैल ठेवा म्हटलं होतं. मी आठही रिंगा आवळल्या. कालव्याला पाण्याची पाळी सुटलेली होती. काठाची माती खचली आणि गाडी डाव्या अंगावर आत गेली. मी खिडकीतून निघालो आणि दोरीला भिडलो. गाठी तुम्ही लिहिलं होतं तशाच निघाल्या, सुटेनात. मी माझ्या बाजूनं दातांनी ओढत होतो, आणि आतून हात आपटत होते. मामा, तुमचं बसलिंगप्पांचं पत्र मला तेव्हा शब्द न् शब्द आठवत होतं.

आत पाणी छातीपर्यंत आलं होतं आणि अंधार होता. बायका किंचाळत पडद्याकडं गेल्या. आईनं त्यांना ओढून त्या उजव्या कोपऱ्याखाली आणलं. गाडी डाव्या अंगावर होती, म्हणून उजवा कोपरा वर, पाण्याच्या बाहेर होता. ती म्हणाली, "रडू नका गं. माझ्या आण्णानं हितं वाट ठिवलीय. मी हातानं बघितलीय." पण कोपरा उंच होता, खांदा पोचेना. मग ती पाण्यात गुडघ्यावर वाकली आणि म्हणाली, "माझ्या पाठीवर पाय द्या आन् जोर लावा. सुती दोरा हाय, एका धक्क्यात सुटतंय." पहिली चढली, तिनं जोर लावला. नाही सुटलं. आई तोंड वर काढून म्हणाली, "आजून एकदा. आण्णाचं काम हाय, सुटतंय." दुसरी चढली. मग दोघी एकदम. त्या म्हणतात, आम्हाला वाटलं आत्ता सुटेल, म्हणून आम्ही तिच्या पाठीवरून उतरलो नाही. ती दर वेळी वर येऊन तेच म्हणायची. मग एकदा वर आली नाही, आणि पाठ तशीच राहिली, म्हणून त्यांना कळलं नाही.

गाव धावून आलं, कुणीतरी वरून कोयत्यानं कापड फाडलं आणि बाकीच्या निघाल्या.

गाडी ठाण्याच्या आवारात उभी आहे. काल जबाबाला बोलावलं होतं तेव्हा मी मागं जाऊन पाहिलं. आतल्या रेक्झिनवर नखांचे ओरखडे आहेत, पट्टी अर्धी निघाली आहे. तिच्याखाली मी मारून घेतलेली शिवण आहे. मी बोटानं एक एक टाका मोजत वरपासून खालपर्यंत गेलो. एकही सुटलेला नाही.

सत्यम